स्कूल बोर्डाच्या इलेक्शनला उमेदवार पारखायचा कसा: न्यू जर्सीवाल्यांसाठी

ऑक्टोबर लागला की डेव्हलपमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पोस्टर फिरायला लागतं, तीन हसरे चेहरे, खाली तीन शब्दांचं घोषवाक्य, आणि पाठवणाऱ्याने वर टाकलेलं असतं की आपली माणसं आहेत, मत द्या. बस्स. एवढ्या भांडवलावर लोक मत देऊन येतात, नाहीतर बॅलटचा तो कोपरा कोराच सोडून येतात, कारण वरच्या गव्हर्नर-सिनेटरच्या नावांमध्येच सगळा उत्साह संपलेला असतो. मग मार्चमध्ये बजेट येतं, कोणाच्या मुलीचा ऑर्केस्ट्रा जातो, कोणाच्या मुलाची कर्टसी बस (शाळेजवळ राहणाऱ्या मुलांसाठीची, कायद्याने सक्ती नसलेली) बंद होते, आणि मीटिंगला पाय ठेवायला जागा उरत नाही. तोपर्यंत मत द्यायची वेळ केव्हाच निघून गेलेली असते.

खालचं सगळं न्यू जर्सी धरून लिहिलंय, एडिसन, प्लेन्सबरो, साउथ ब्रन्सविक या पट्ट्यात आपली वस्ती भरपूर आहे म्हणून, आणि नियम प्रत्येक राज्यात वेगळे असतात म्हणूनही. कॅलिफोर्निया-टेक्सासवाल्यांनी पद्धत उचलावी, तारखा आणि नियम मात्र आपापल्या काउंटीच्या साइटवर बघावेत.

मत कोणाला देता येतं हे आधी क्लिअर करू

फक्त सिटिझन. एच-वन-बी म्हणजे नोकरीचा व्हिसा, तो नाही, ग्रीन कार्डही नाही. "पण आम्ही प्रॉपर्टी टॅक्स भरतो, मुलं याच शाळेत जातात" हे सगळं खरं, तरी नाही. सॅन फ्रान्सिस्कोत सिटिझन नसलेल्या पालकांना स्कूल बोर्डापुरतं मत देता येतं ही बातमी बरोबर आहे, पण ते तिकडे, इकडे नाही. आणि ही गंमत करायची गोष्ट नाहीये, मोटर व्हेइकलच्या ऑफिसात लायसन्स काढताना व्होटर रजिस्ट्रेशनचा प्रश्न येतो तिथे घाईत "हो" करू नका, पुढे सिटिझनशिपच्या अर्जाच्या वेळी हे प्रकरण भयंकर अंगाशी येतं, अगदी डिपोर्टेशनपर्यंत जाऊ शकतं. दुसरं, एच-वन-बी वर असाल तर उमेदवाराला डोनेशनही द्यायचं नाही, अगदी वीस डॉलरसुद्धा, ही बंदी फेडरल कायद्यातली आहे आणि ती लोकल इलेक्शनलाही लागू आहे. ग्रीन कार्डवाल्यांना डोनेशन चालतं.

पण मत नाही म्हणून गप्प बसायचं कारण नाही. बोर्डाच्या मीटिंगला पब्लिक कॉमेंटमध्ये बोलायला, बोर्डाला ईमेल टाकायला, उमेदवारांना प्रश्न विचारायला सिटिझनशिप लागत नाही. या लेखातली तपासणी करून मत असलेल्या शेजाऱ्याला सांगणं हेही कामच आहे.

बोर्ड काय करतं आणि काय करत नाही

इथेच निम्मे उमेदवार गळतात, म्हणून जरा थांबून वाचा.

न्यू जर्सीत सहाशेच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. बहुतेक ठिकाणी बोर्ड निवडून येतं, काही थोड्या ठिकाणी मेयर नेमतो. साधारण नऊ मेंबर, तीन वर्षांची टर्म, दरवर्षी तिघांची टर्म संपते. पगार शून्य. पक्षाचं चिन्ह नाही. काम काय, तर सुपरिंटेंडंट म्हणजे डिस्ट्रिक्टच्या शाळांचा प्रमुख अधिकारी नेमायचा आणि दरवर्षी त्याचं मूल्यमापन करायचं, बजेट पास करायचं, पॉलिसी ठरवायच्या, टीचर्स युनियनबरोबरचं कॉन्ट्रॅक्ट मंजूर करायचं. शाळा चालवायची नाही. राज्याच्या कायद्यात बोर्ड मेंबरसाठी जी आचारसंहिता आहे तिच्यातच लिहिलंय की शाळांचं प्रशासन करणं हे मेंबरचं काम नाही, सगळ्यांनी मिळून त्या नीट चालतायत ना हे बघणं त्याचं काम.

त्यामुळे "मी निवडून आलो तर अमुक प्रिन्सिपलला घालवतो", "मी होमवर्क बंद करतो" असं म्हणणारा एकतर थापा मारतोय नाहीतर त्याला काही माहीत नाही. एकट्या मेंबरला कसलाही अधिकार नसतो, नऊमधली पाच मतं जमली तरच काही होतं. ज्या उमेदवाराच्या प्रत्येक वाक्यात "मी" आहे त्याला विचारा की बाबा, बाकीची चार मतं कुठून आणणार.

राज्याच्या हातातल्या गोष्टीही वेगळ्या काढा. कुठल्या वर्गात काय यायला हवं याचे स्टँडर्ड राज्य ठरवतं, ते शिकवायचं कसं, पुस्तकं कुठली, हे डिस्ट्रिक्ट ठरवतं. 2022 मध्ये एशियन-अमेरिकन इतिहास शाळेत शिकवायचा कायदा झाला तो राज्याने केला, तुमच्या बोर्डाने नाही, तेव्हा त्याचं श्रेय घेणारा स्थानिक उमेदवार दिसला तर हसून सोडून द्या. उलट बाजूचं उदाहरण म्हणजे 2023 मध्ये मिडलटाउन, मार्लबोरो आणि मनालापन-इंग्लिशटाउन या बोर्डांनी ट्रान्सजेंडर मुलांबद्दल पालकांना कळवायच्या पॉलिसी केल्या, राज्याच्या ॲटर्नी जनरलने तिघांनाही कोर्टात खेचलं आणि कोर्टाने त्या पॉलिसी रोखून धरल्या. तुमचं मत त्या विषयावर कुठल्याही बाजूचं असो, उमेदवाराला विचारायचा प्रश्न एकच: राज्याशी भिडणार असाल तर वकिलाचं बिल बजेटच्या कुठल्या लाइनमधून?

बजेट जरा हाताने करून बघा

उमेदवार पारखायचा तर बजेटचं जुजबी गणित आपल्यालाही यायला हवं, फार नाही.

न्यू जर्सीत घराचं सरासरी प्रॉपर्टी टॅक्स बिल वर्षाला 10,000 डॉलरच्या पुढे गेलंय आणि त्यातला निम्म्याहून थोडा जास्त भाग शाळेचा. डिस्ट्रिक्टला हा शाळेचा कर वर्षाला 2 टक्क्यांच्या वर वाढवायचा तर लोकांचं मत घ्यावं लागतं, अपवाद थोडे, म्हणजे हेल्थ इन्शुरन्सचा खर्च उसळला, मुलं वाढली, किंवा आधीच्या वर्षी पूर्ण 2 टक्के वापरले नव्हते तर तो उरलेला भाग तीन वर्षांपर्यंत वापरता येतो, त्याला बँक्ड कॅप म्हणतात. समजा तुमच्या बिलात शाळेचे 6,000 आहेत, तर 2 टक्के म्हणजे साधारण 120 डॉलर. आता दुसऱ्या बाजूला बघा, बजेटचा बहुतेक पैसा पगार आणि बेनिफिट्समध्ये जातो, आणि ते दोन्ही 2 टक्क्यांवर थांबत नाहीत. वर 2018 च्या कायद्याने स्टेट एड म्हणजे राज्याकडून शाळांना मिळणाऱ्या मदतीचं वाटप बदललं तेव्हा बऱ्याच डिस्ट्रिक्टची मदत पुढची काही वर्षं टप्प्याटप्प्याने कापली गेली. म्हणजे काहीही नवीन न करता नुसतं आहे तेच चालवायचं म्हटलं तरी खड्डा पडतो.

आता या पार्श्वभूमीवर "टॅक्स वाढवणार नाही, क्लास साइज कमी करणार, आणि स्टेम लॅब आणणार" हे पोस्टर परत वाचा.

डिस्ट्रिक्टच्या साइटवर "युझर फ्रेंडली बजेट" नावाचा कागद असतो, राज्याच्या नियमानेच टाकावा लागतो. त्यातल्या तीन ओळी बघा: लोकल टॅक्स लेव्ही म्हणजे गावातून गोळा होणारा शाळेचा कर, स्टेट एड, आणि सरप्लस म्हणजे फंड बॅलन्स, तिन्ही वर्षांचे आकडे शेजारी शेजारी असतात. सरप्लस दरवर्षी खाली जात असेल तर डिस्ट्रिक्ट साठवण खाऊन दिवस काढतंय, आणि मग सध्याच्या मेंबरने "आम्ही काहीही कापलं नाही" म्हणणं तितकंसं कौतुकाचं राहत नाही.

यादी कधी हातात येते

नोव्हेंबर इलेक्शनवाल्या डिस्ट्रिक्टमध्ये उमेदवारी अर्जाची मुदत जुलैच्या शेवटच्या सोमवारी दुपारी चारला संपते. म्हणजे ऑगस्टमध्ये काउंटी क्लर्कच्या साइटवर नावं असतात, ऑक्टोबरच्या पोस्टरची वाट बघायची गरज नसते. नेवार्कसारख्या काही ठिकाणी इलेक्शन एप्रिलमध्ये असतं (आणि नेवार्कमध्ये 2025 पासून 16-17 वर्षांची मुलंही स्कूल बोर्डाला मत देतात, तिथले वाचक असाल तर घरात विचारा). काही डिस्ट्रिक्टमध्ये जागा तीन आणि उमेदवार दोनच असंही होतं, मग राइट-इनवर (बॅलटवर नसलेलं नाव मतदाराने स्वतः लिहायचं) कोणीतरी थोड्याशा मतांवर बोर्डात जातं.

सध्याचे मेंबर परत उभे असतील तर मिनिट्स वाचा

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आणि सगळ्यात उपयोगाचं. भाषणात सगळे मुलांसाठीच झटत असतात, मिनिट्समध्ये प्रत्येक ठरावापुढे नाव आणि येस, नो, अब्स्टेन लिहिलेलं असतं.

डिस्ट्रिक्टच्या साइटवर, बऱ्याच ठिकाणी बोर्डडॉक्स नावाच्या साइटवर, अजेंडा आणि मिनिट्स असतात. सगळे वाचू नका, वेड लागेल. तीन मीटिंग निवडा: एप्रिल-मेच्या सुमारास होणारी बजेटची पब्लिक हिअरिंग, सुपरिंटेंडंटचं किंवा टीचर्सचं कॉन्ट्रॅक्ट मंजूर झालं ती, आणि तुमच्या गावात ज्या विषयावर हाणामारी झाली ती, मग ते रीडिस्ट्रिक्टिंग म्हणजे कुठल्या भागातली मुलं कुठल्या शाळेत हे बदलणं असो की शाळा सुरू व्हायची वेळ. त्यात काय बघायचं तर:

हजेरी. तीनपैकी दोनदा गैरहजर असेल तर पुढचं वाचायची गरजच नाही.

अजेंडा उघडला की पंचवीस-तीस ठराव एका झटक्यात एकाच मताने पास झालेले दिसतील, त्याला कन्सेंट अजेंडा म्हणतात, आणि त्यात काही गैर नाही, फील्ड ट्रिपवर चर्चा कशाला. पण कुठलाही मेंबर म्हणू शकतो की अमुक ठराव बाजूला काढा, मला त्यावर वेगळं मत द्यायचंय. जो मेंबर अधूनमधून असं काढतो, प्रश्न विचारतो आणि मग बऱ्याचदा "येस" देतो, तो कागद वाचून आलेला असतो. प्रत्येक गोष्टीला "नो" देणारा एकटा वीर वेगळा, त्याची क्लिप फेसबुकवर छान चालते, पण पाच मतं त्याला कधी जमत नाहीत. आणि तीन वर्षांत एकदाही काही न विचारणारा, त्याच्याबद्दल काय बोलणार.

अब्स्टेन दिसलं तर लगेच पळपुटा म्हणू नका. घरातलं कोणी त्याच डिस्ट्रिक्टमध्ये नोकरीला असेल तर युनियन कॉन्ट्रॅक्ट, सुपरिंटेंडंटची नेमणूक असल्या विषयांपासून मेंबरला लांब राहावं लागतं. तो प्रामाणिकपणाच आहे. पण मतदार म्हणून हे आधी मोजा: नऊपैकी चारपाच जण असे अडकलेले असतील तर कॉन्ट्रॅक्टची बोलणी करणार कोण? म्हणून प्रत्येक उमेदवाराला, नव्या-जुन्या सगळ्यांना, हा प्रश्न लाजत न विचारता विचारा की घरात कोणी या डिस्ट्रिक्टच्या पगारावर आहे का. सध्याच्या मेंबरांची वार्षिक डिस्क्लोजर स्टेटमेंट पब्लिक असतात, आणि स्कूल एथिक्स कमिशनचे निर्णय राज्याच्या शिक्षण खात्याच्या साइटवर नावानिशी सापडतात. नुसती तक्रार झाली होती याला किंमत देऊ नका, तक्रार कोणीही करतं, निर्णय काय लागला ते बघा.

मीटिंगचे व्हिडिओ यूट्यूबवर असतील तर दीडपटीने लावा आणि पब्लिक कॉमेंटचा भाग बघा. एखादी आई स्पेशल एजुकेशनबद्दल रडकुंडीला येऊन बोलत असताना कोण ऐकतंय आणि कोण फोनमध्ये आहे हे कॅमेऱ्यात दिसतं.

नवा उमेदवार असेल तर

त्याचं रेकॉर्ड नसतं असं नाही, वेगळ्या जागी असतं. तो उभा राहायच्या आधी मीटिंगला यायचा का? आधीच्या मिनिट्समध्ये पब्लिक कॉमेंट करणाऱ्यांची नावं असतात, शोधा. पीटीओ म्हणजे पालक-शिक्षक संघटना, लायब्ररी बोर्ड, टाउनची एखादी कमिटी, काहीतरी पाच लोकांबरोबर बसून तडीस नेलंय का? आपल्याकडे एक समज आहे की मोठ्या कंपनीत डायरेक्टर आहे, आयआयटीचा आहे, म्हणजे बोर्डावर उत्तमच. असेलही. पण ऑफिसात हुकूम सोडायची सवय असलेल्या माणसाला नऊ समान लोकांच्या टेबलावर, लोकांच्या शिव्या खात, रात्री साडेदहापर्यंत फुकट बसणं जमेलच असं नाही.

आणि "आपली माणसं" याबद्दल स्पष्टच बोलतो. आपल्यातलं कोणी बोर्डावर असावं हे मलाही वाटतं, दिवाळीची सुट्टी कॅलेंडरवर आली ती कोणीतरी जाऊन बोलल्यामुळेच. पण सुट्टीचा ठराव एकदाच होतो, बजेट दरवर्षी येतं. नाव देशपांडे आहे की डिसूझा की डिलन, वरचे प्रश्न तेच लावा.

कँडिडेट नाइटला विचारायचे प्रश्न

लीग ऑफ विमेन व्होटर्स ही मतदारांसाठी काम करणारी संघटना बऱ्याच टाउनमध्ये फोरम म्हणजे उमेदवारांची जाहीर प्रश्नोत्तरं घेते, कधी पीटीओ घेतात (पीटीओ फोरम घेऊ शकतात, कोणाला पाठिंबा देऊ शकत नाहीत, देत असतील तर काहीतरी गडबड आहे). प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचा असतो, म्हणून छोटा आणि निसटता येणार नाही असा लिहा. "शिक्षणाबद्दल तुमचं व्हिजन काय" हा प्रश्न लिहिणाऱ्याला दंड करायला हवा.

माझा आवडता प्रश्न: पुढच्या वर्षी स्टेट एड दहा लाख डॉलरने कमी झाली तर कुठल्या तीन जागी हात घालाल आणि कुठे अजिबात नाही? वाईट उत्तर असं येतं की "आधी वेस्ट कमी करू, ॲडमिनिस्ट्रेशन टॉप-हेवी आहे". बरं, आपल्या डिस्ट्रिक्टमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर किती, त्यातले किती काढले की दहा लाख होतात? तिथे गाडी अडकते. बऱ्यापैकी उत्तर असं असतं की कर्टसी बसिंगसाठी फी लावता येईल कारण ती कायद्याने सक्तीची नाही, स्पेशल एजुकेशनला हात लावता येणार नाही कारण आयईपी म्हणजे त्या मुलासाठी ठरवलेल्या शिक्षणाच्या आराखड्यातलं द्यावंच लागतं, आणि बाहेरच्या शाळांत पाठवलेल्या काही मुलांसाठी इथेच प्रोग्राम उभा करता आला तर पैसा वाचतो पण दोन वर्षं लागतील. तुम्हाला उत्तर पटलं नाही तरी चालेल, या माणसाने बजेट उघडलंय एवढं कळतं.

दुसरा, आपल्या लोकांच्या जिव्हाळ्याचा, गणिताचा. 2015 मध्ये वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोत सुपरिंटेंडंटने मुलांवरचा ताण कमी करायचा म्हणून हायस्कूलच्या मिडटर्म आणि फायनल परीक्षा काढल्या, नो-होमवर्क नाइट्स आणल्या, चौथी-पाचवीचा ॲडव्हान्स्ड मॅथ ट्रॅक बंद करायचं ठरवलं, आणि गावात उभी फूट पडली, त्यात भारतीय-चिनी पालक बरेचसे एका बाजूला. हा वाद तुमच्या डिस्ट्रिक्टमध्येही कधीतरी येणार. तेव्हा "मॅथला सपोर्ट करता का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतील. विचारा की अल्जेब्रा वन कुठल्या ग्रेडपासून मिळावं, निवड टेस्टवर की टीचरच्या शिफारशीवर, आणि ज्या मुलाच्या घरी कुमॉनच्या ट्यूशनचे पैसे नाहीत त्याला त्या ट्रॅकवर यायची वाट कुठली. तिसरा भाग ऐकून उमेदवार थांबून विचार करायला लागला तर चांगलं लक्षण.

तिसरा प्रश्न फक्त सध्याच्या मेंबरांना: गेल्या तीन वर्षांत तुम्ही हरलात असं एक मत सांगा आणि त्यानंतर काय केलंत. एवढं पुरे.

पैसा आणि पत्रकं

उमेदवारांचे खर्चाचे रिपोर्ट न्यू जर्सी इलेक्शन लॉ एन्फोर्समेंट कमिशनकडे जातात आणि ऑनलाइन दिसतात, मोठा खर्च करणाऱ्यांना इलेक्शनच्या 29 दिवस आधी आणि 11 दिवस आधी द्यावे लागतात. फुकट काम करणाऱ्या पदासाठी कोणी पाच आकडी खर्च करत असेल तर देणारे कोण ते वाचा, युनियन, कॉन्ट्रॅक्टर, टाउनमधला राजकीय गट. टीचर्स युनियनचा पाठिंबा हा काही आपोआप गुन्हा नाही आणि आपोआप सर्टिफिकेटही नाही, फक्त त्या उमेदवाराला कॉन्ट्रॅक्टबद्दल जरा जास्त खोदून विचारा.

पोस्टाने आलेल्या पत्रकावर पैसे कोणी दिले ही ओळ असावीच लागते. नसेल तर ते केराच्या टोपलीत. 2017 मध्ये एडिसनमध्ये असंच निनावी पोस्टकार्ड घरोघरी गेलं होतं, फाल्गुनी पटेल आणि जेरी शी या दोन उमेदवारांच्या फोटोंवर "डिपोर्ट" असा शिक्का, आणि मजकुरात चिनी-भारतीय लोक गाव ताब्यात घेतायत, क्रिकेटची मैदानं मागतायत वगैरे. दोघंही निवडून आले.

पॅनेलने उभे असतील तर साधा हिशोब करा. एका वर्षी तीन जागा, पुढच्या वर्षी अजून तीन, म्हणजे दोन इलेक्शनमध्ये सहा, आणि बहुमताला लागतात पाच. तिघांमधला एक खरंच चांगला आणि बाकीचे दोघे त्याच्या मागे लटकलेले असतील तर तिघांनाही मत द्यायचं बंधन तुमच्यावर नाही.

मत देताना

बॅलटवर "तिघांना मत द्या" लिहिलेलं असलं तरी एकाला किंवा दोघांना दिलेलं मत पूर्ण वैध असतं. समजा एकच उमेदवार तुम्हाला मनापासून पटलाय आणि लढत तिसऱ्या जागेसाठी घासून आहे, तर उरलेली दोन मतं अशीच कोणाला तरी वाटून टाकलीत की तुम्हीच तुमच्या माणसाच्या प्रतिस्पर्ध्याला वर चढवता. स्कूल बोर्डात फरक कधीकधी काही डझन मतांचा असतो, त्यामुळे हे थिअरी नाहीये.

रजिस्ट्रेशन इलेक्शनच्या 21 दिवस आधीपर्यंत. अर्ली व्होटिंग आहे, पोस्टाने मत देता येतं, कारण सांगावं लागत नाही. पण पोस्टाचं बॅलट मागवलं असेल तर केंद्रावर जाऊन मशीनवर मत देता येत नाही, प्रोव्हिजनल म्हणजे आधी तपासून मग मोजल्या जाणाऱ्या कागदावर द्यावं लागतं, बरेच जण इथे वैतागतात. केंद्रं सकाळी सहा ते रात्री आठ. स्कूल बोर्डाची नावं पक्षांच्या रांगांपासून वेगळी, बाजूला नाहीतर खाली असतात, आणि काही वेळा शाळेच्या बांधकामाचा बाँड रेफरंडम म्हणजे कर्ज काढायला लोकांचा कौलही तिथेच असतो, तेव्हा सँपल बॅलट आला की स्वयंपाकघरातल्या टेबलावर पूर्ण उघडून बघा.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नव्या बोर्डाची रीऑर्गनायझेशन मीटिंग होते, शपथ, प्रेसिडेंटची निवड, वकील आणि ऑडिटरच्या नेमणुका. अर्ध्या तासाची असते, ऑनलाइन दिसत असेल तर लावून ठेवा, तुम्ही निवडून दिलेल्याने पहिलं मत कोणाला आणि कशाला दिलं ते तिथेच कळतं.